पन्नास दिवस उभ्यानं

ईस्टरच्या पहाटे धारच्या कबरस्तानात मी वडिलांच्या कबरीपुढे गुडघे टेकून बसलो होतो, आणि माझ्या मते फार चांगला दिसत होतो. डोळे मिटलेले, मान खाली, समोर मेणबत्ती, नव्या चुन्याचा वास. एवढ्यात पाठीत छत्रीचं टोक टोचलं.

"ऊठ," रूथमावशी म्हणाल्या. "कोण मेलंय?"

कबरस्तानात विचारावा असा हा प्रश्न नव्हे. मी कबरीकडे बोट दाखवलं.

"ते जुनं झालं. आज काय आहे?"

"ईस्टर."

"मग उभा राहा. आजपासून पन्नास दिवस गुडघे टेकायचे नाहीत, उसासे टाकायचे नाहीत, पापं मोजायची नाहीत. पेंटेकॉस्ट झाला की मग वाटेल तेवढं लोळ."

मी उठलो. पँटच्या गुडघ्यांना चुना लागला होता. तो झटकायला वाकलो तर त्यांना वाटलं पुन्हा बसतोय, म्हणून छत्री पुन्हा वर आली.

रूथमावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या, आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीच्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर मेट्रनची नोकरी केली. दवाखाना बंद पडला, त्यांचं मेट्रनपण बंद पडलं नाही. उंची बेताची, साडी पांढरी, मनगटावर आतल्या बाजूला तबकडी करून बांधलेलं घड्याळ. प्रवचन लांबलं की त्या मनगट उलटं करून घड्याळाकडे बघत, आणि प्रवचन करणाऱ्याला वाटे की बाई आपली नाडी मोजताहेत, आणि ती काही फारशी बरी नाही.

धारच्या आमच्या मंडळीत मराठी बोलणारी घरं आता सात उरली आहेत. कोणाचे आजोबा नगरकडून कंपाउंडर म्हणून आले, कोणाचे मास्तर म्हणून. उपासना हिंदीत होते. महिन्यातून एका रविवारी सकाळी मराठी उपासना असते, आणि तिथे आमची मुलं शास्त्रपाठ वाचतात तेव्हा कोणी अनवाणी खडीवरून चालल्यासारखं वाटतं. मावशी मात्र दोन्ही भाषांत सारख्याच टोचायच्या.

पन्नास दिवसांचा नियम त्यांचा स्वतःचा नव्हता. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाळकांची त्यांनी शुश्रूषा केली होती. त्या पाळकांनी सांगितलं म्हणे, की फार जुन्या काळी ख्रिस्ती लोक ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत उभ्यानंच प्रार्थना करत. प्रभू उठला तर तुम्ही कशाला लोळता, असा साधा हिशेब. आमच्या उपासनेच्या पुस्तकात असं काही नाही. ईस्टरच्या पुढच्याच रविवारी आम्ही नेहमीसारखा पापांगीकार म्हणतो, आणि मंडळी गुडघे टेकते. मावशी तेवढ्या खांबासारख्या उभ्या. एका तरुण पाळकसाहेबांनी त्यांना अदबीनं सांगून पाहिलं, "आंटी, अपनी विधि में ऐसा नहीं लिखा है."

"बेटा," मावशी म्हणाल्या, "अपनी विधि में ये भी नहीं लिखा कि पादरी प्रार्थना में आँख खोलके मोबाइल देखे."

पाळकसाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मोबाइल पाहणं मात्र चालू राहिलं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दवाखान्यातला तापाचा तक्ता टांगलेला असे. तोच तो, पेशंटच्या खाटेच्या पायथ्याशी असायचा तसला, लाल रेघेचा. ईस्टरपासून रोज संध्याकाळी त्या त्यावर एक टिंब देत. पेशंटच्या नावाच्या जागी लिहिलेलं, 'मंडळी'. ईस्टरच्या दिवशी टिंब पार वर, सोमवारी शिळ्या बिर्याणीबरोबर थोडं खाली, मंगळवारी नॉर्मल. अकराव्या दिवसापर्यंत टिंब अशा जागी पोचे, की खरा पेशंट असता तर नातेवाइकांना बोलवावं लागलं असतं.

"चाळीस दिवस उपास करायला आपली माणसं एका पायावर तयार," त्या म्हणत. "पन्नास दिवस आनंद करा म्हटलं की दम लागतो."

यातला एक पाय माझा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी चहा सोडत असे, आणि सोडल्याचं कोणाला कळू देत नसे. म्हणजे समोर चहा आला की कप हळूच बाजूला सारून असा काही हसत असे, की विचारणाऱ्यानं विचारावंच. एका वर्षी मावशींनी माझ्यापुढे कप ठेवला आणि माझं ते हसू पाहून म्हणाल्या, "विजू, चहा घे आणि हे तोंड सोड. देवाला त्याचा जास्त त्रास होतो."

त्या पन्नास दिवसांत रोज संध्याकाळी मंडळीतलं कोणी ना कोणी त्यांच्याकडे शिरा खायला बोलावलेलं असे. अट एकच. दुखणी, सुनांची वागणूक आणि स्वतःची पापं, या तिन्हींबद्दल बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं पाहुणे गप्प बसून राहत. बोलायला दुसरं काही आहे हे आठवायला तेवढा वेळ लागे.

एकदा ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरहून एक प्रचारक आले. आवाज मोठा, रुमाल त्याहून मोठा. तीन संध्याकाळी सभा होत्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी अर्ध्या मंडळीला रडवलं. मी पहिल्या बाकावर होतो आणि सर्वांत आधी रडलो, हे मला आजही आठवतं, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. दुसऱ्या संध्याकाळी मावशी मधेच उभ्या राहिल्या.

"भिया, एक बात पूछूँ?"

"पूछिए माताजी."

"कब्र कब खुली?"

"तीसरे दिन, माताजी. हालेलूया."

"और आज ईस्टर को कितने दिन हुए?"

प्रचारकांनी बोटांवर मोजलं. "नौ."

"तो नौ दिन से आप अंदर क्या ढूँढ़ रहे हो? बाहर आ जाओ. शिरा बना है."

लोक हसले. प्रचारक भला माणूस होता; तोही हसला, आणि सभेनंतर खरंच शिरा खायला गेला. मला मात्र राग आला. माझं रडणं अर्धवट राहिलं होतं.

आता मला जे सांगायचं आहे तिकडे वळतो. व्यक्तिचित्रात लेखकानं मधे येऊ नये हे मला माहीत आहे. पण मावशींच्या आयुष्यात मी जसा चोरून शिरलो, तसाच इथेही थोडा शिरावा लागेल.

तेव्हा मी मंडळीच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी होतो. गुरुवारच्या प्रार्थनासभेत माझी प्रार्थना लांब असे. आम्ही धूळ आहोत, आम्ही राख आहोत, आमच्याइतका नीच कोणी नाही, असं मी आवाज कापत कापत म्हणत असे. ईस्टरनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी नुकता राखेपर्यंत पोचलो होतो, तोच मावशी मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या. मी डोळे उघडले.

"विजू," त्या म्हणाल्या, "देवाला तुझी पापं एव्हाना पाठ झाली असतील. फार साधी आहेत रे ती. एवढा वेळ नाही लागत त्यांना."

सगळे हसले. पाळकसाहेब हसले. कोपऱ्यात शलमोनकाका पेटीवर बसले होते, त्यांनीही हसत एक पट्टी दाबली, आणि पेटी हसल्यासारखी वाजली.

शलमोनकाका म्हणजे आमच्या मंडळीची पेटी. दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. तीस वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पेटी पुसून ठेवायचे. स्वभाव असा, की त्यांच्या पायावर कोणी पाय दिला तर तेच माफी मागतील. मावशींशी त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजे. ईस्टरनंतर मावशींना गीतं जलद हवी असत. "शलमोन, मिरवणूक कबरेकडून परत चालली आहे, कबरेकडे जात नाही," असं त्या म्हणत, आणि शलमोनकाका पुटपुटत, "बाई, बाजाला पण फुफ्फुस असतं."

त्या गुरुवारी घरी जाताना मी ठरवलं, की माझी पापं साधी नाहीत हे या बाईला दाखवायचं. असं शब्दांत ठरवलं नाही. पण केलं ते हेच.

कारण हाताशी होतं. त्या ईस्टरला दुपारी पाळकसाहेब डही गावाला उपासनेसाठी गेले होते. इकडे बाबूरावकाका, दवाखान्याचे जुने माळी, शेवटच्या घटका मोजत होते आणि प्रभुभोजन मागत होते. मावशींनी सकाळच्या वेदीवरची उरलेली भाकर आणि थोडा द्राक्षरस घेतला, रुमालानं झाकला, उन्हातून चालत गेल्या आणि त्यांना दिला. बाबूरावकाका मंगळवारी गेले. आमच्या नियमाप्रमाणे प्रभुभोजन फक्त दीक्षित, म्हणजे रीतसर दीक्षा झालेला पाळकच देऊ शकतो. मला सगळे नियम पाठ होते. माणसं पाठ नव्हती.

मी चर्चच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. हिंदीत, टाइप करून, सही न करता, आणि इंदूरला कामासाठी गेलो तेव्हा तिथून टाकलं. त्यात आणखी एक परिच्छेद घातला: ही बाई गीतं पळवायला लावते, त्यामुळे तीस वर्षं पेटीची सेवा करणाऱ्या माणसाचा अपमान होतो. त्या परिच्छेदाची काही गरज नव्हती. पत्र माझं वाटू नये म्हणून तो घातला होता. शलमोनकाकांचं गाऱ्हाणं मी वापरलं, दारातल्या कोणाच्या चपला पायात सरकवाव्या तसं.

उत्तर लवकर आलं. दीक्षित नसलेल्या कोणीही वेदीच्या सामानाला हात लावू नये. संबंधित महिलेकडची वेदीच्या कपाटाची किल्ली काढून घ्यावी. सोबत माझ्या पत्राची प्रत होती. कमिटीत पाळकसाहेबांनी ती वाचून दाखवली. शलमोनकाका कमिटीत नव्हते; पेटीचा परिच्छेद आला तसे सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. माझं अक्षर त्या दिवशी फार सुरेख आलं.

मावशींनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आणि म्हणाल्या, "आज ईस्टरचा एकोणिसावा दिवस आहे. शलमोनला कोणी एक शब्द बोलायचा नाही. मी माफ केलं, तुम्हीही करा. विषय संपला."

मंडळीनं आजवर मावशींचं एकही म्हणणं पाळलं नव्हतं. हे पाळलं. कोणी शलमोनकाकांना एक शब्द बोललं नाही. उलट सगळे त्यांच्याशी विलक्षण गोड वागायला लागले. उपासनेनंतर लोक त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवत. "कैसे हो, शलमोन भिया," असं कोणी खूप आजारी माणसाला विचारावं तसं विचारत. आणि मावशींनी त्यांना त्या पन्नास दिवसांत एकदा नाही, दर आठवड्याला शिरा खायला बोलावलं.

"बघा," माझी बायको म्हणाली, "ज्यानं चिठ्ठी लिहिली त्यालाच खाऊ घालताहेत. याला म्हणतात ख्रिस्ती."

मी म्हटलं, "हो ना." त्या आठवड्यात एका संध्याकाळी मीही शलमोनकाकांच्या शेजारी बसून तोच शिरा खाल्ला. वेलदोडा जरा जास्त झाला होता.

पेंटेकॉस्टच्या रविवारी शलमोनकाकांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आता जमत नाही हाताला." मंडळीला वाटलं, पश्चात्ताप झाला. पुढे कोणीतरी की-बोर्ड आणला, त्यात ताल तयार असतो. मावशींना गीतं जलद हवी होती, ती आता एवढी जलद झाली की त्याही मागे पडायला लागल्या. पुढच्या ईस्टरला मांडूच्या रस्त्यावरच्या एका गावात हन्नाबाई खाटेवर पडून होत्या. पाळकसाहेबांची गाडी बिघडली, आणि किल्ली मावशींकडे नव्हती. हन्नाबाई त्या प्रभुभोजनाशिवाय गेल्या. मी त्यांच्या अंत्यविधीला प्रार्थना केली. लांब केली.

मी मावशींना सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दर वर्षी केला. ईस्टरनंतर कधीतरी त्यांच्या ओसरीवर जाऊन म्हणायचो, "मावशी, मला एक कबूल करायचंय."

"आज कितवा दिवस?"

"सव्विसावा."

"मग पेंटेकॉस्टनंतर ये. आत्ता शिरा खा."

पेंटेकॉस्टनंतर उकाडा असे, मग मुलांच्या शाळा, मग माझी देवासला बदली झाली. उपवासकाळात, जेव्हा साऱ्या जगाला पापं आठवतात आणि मावशीही ऐकून घेत, तेव्हा मी कधी गेलो नाही. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. मी नेमका अशा दिवसांत जात होतो, जेव्हा त्या नाही म्हणणार हे ठरलेलं होतं. मला कबुली द्यायची नव्हती, कबुली द्यायला गेल्याचं समाधान हवं होतं. पश्चात्ताप करण्याची माझी ताकद मोठी आहे. त्याच्या पुढचं काही करण्याची नाही.

अशी बारा वर्षं गेली.

मग मावशी खुब्यावर पडल्या, ऑपरेशन झालं, आणि भाचीनं त्यांना देवासला आणलं. टेकरीच्या पायथ्याशी, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटं. देवानं माझी कोंडी करायची ठरवली तर तो असंच काहीतरी करेल. मी रोज संध्याकाळी जात असे. मावशी पलंगावर पाय लांब करून बसलेल्या असत, वॉकर शेजारी, आणि खिडकीतून टेकरी चढणाऱ्या लोकांवर त्यांची टीका चालू असे. "ती बघ, निळ्या साडीवाली. नवऱ्याला मागे टाकून चालली. बरोबर करते आहे."

त्या वर्षी ईस्टरनंतर बाविसाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "विजू, एक काम कर. धारला जाऊन शलमोनला घेऊन ये."

"का?"

"सांगून टाकायचंय त्याला, की मी माफ केलं. नुसता शिरा किती वर्षं घालणार? मी गेल्यावर त्याला वाटायला नको, की बाई मनात ठेवून गेली."

मी म्हटलं, "मावशी, नका सांगू."

"का? पन्नास दिवसांत पापं काढायची नाहीत म्हणून? माफी काढायला हरकत नाही. माझाच नियम आहे."

"तसं नाही. मला काहीतरी कबूल करायचंय."

"पेंटेकॉस्टनंतर—"

"ती चिठ्ठी मी लिहिली होती."

मी आयुष्यात एवढी छोटी प्रार्थना कधी केली नव्हती. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या, तशाच बघत राहिल्या. आत भाची कुकरची शिट्टी काढत होती. मी बाकीचं सांगितलं: इंदूरची टपाल पेटी, पेटीचा परिच्छेद, तो का घातला ते. हन्नाबाईंचंही सांगितलं. रडू येत होतं, पण त्या बघत नव्हत्या, आणि कोणी बघत नसताना मला कधी नीट रडता आलेलं नाही.

खिडकीकडेच तोंड ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं मी चुकीच्या माणसाला माफ करत होते."

"मावशी, मला—"

"तू गप्प बस. तुझं काही नाही यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला माफ करा म्हणून सांगणार असशील तर नको सांगू. तुझ्या वाटची सगळी शलमोननं खाल्ली. आता शिल्लक नाही."

त्या हसल्या नाहीत. पहिल्यांदाच मला कळलं, की त्यांच्या टोमण्याच्या आधी नेहमी एक बारीक हसू असायचं, आणि आज ते नव्हतं.

"मी विचारलं का नाही त्याला?" त्या म्हणाल्या. "एकदा. नुसतं, शलमोन, हे तू लिहिलंस का? पेशंटला औषध देण्याआधी मी दोनदा नाव विचारायची."

त्यांनी वॉकर स्वतःकडे ओढला.

"उद्या सकाळी मला धारला ने."

भाचीनं विरोध केला, डॉक्टरांचं नाव घेतलं, मे महिन्याचं ऊन दाखवलं. मावशी म्हणाल्या, "मी जाते आहे, मला नेताय की नाही एवढंच तुम्ही ठरवा." सकाळी सहाला मी गाडी काढली. इंदूर मागे पडलं. पुढे बेटमा गाव गेल्यावर त्या म्हणाल्या, "अम्माऊसच्या रस्त्यानं येशूचे ते दोघं शिष्य चालले होते ना, प्रभू मेला म्हणून तोंडं पाडून. आणि ज्याच्यासाठी तोंडं पाडली तो उठून शेजारून चाललेला. मी दर वर्षी त्यांना हसायचे."

"हो."

"तू नको हो म्हणूस."

शलमोनकाका मुंज तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. बायको मेरी गेली, मुलगा पुण्याला. दार त्यांनीच उघडलं. मावशींना वॉकरवर बघून त्यांची धांदल उडाली. "बाई, आप? इतनी धूप में? निरोप दिला असता तर मी आलो असतो." खुर्ची पुसली, पुन्हा पुसली, पाणी आणलं, माझ्या हातात ग्लास देताना "माफ करना भिया, माठाचं आहे" म्हणाले.

मी ठरवलं होतं की आधी मी बोलायचं. उभ्यानंच म्हटलं, "काका, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

शलमोनकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "कौन सी चिठ्ठी?"

हे मी कधी कल्पनेतसुद्धा आणलं नव्हतं. बारा वर्षं एका माणसाला अख्खी मंडळी माफ करत होती, आणि कशाबद्दल ते त्याला सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मग सगळं सांगावं लागलं. मी सांगत गेलो, मावशी जिथे मी गुळगुळीत करत होतो तिथे मला थांबवत गेल्या. "असं नाही. त्याच्या नावावर जावं म्हणून घातलं, असं सांग." मी तसं सांगितलं. शलमोनकाका पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ड्रेसिंग करायला बसावं तसे.

माझं संपल्यावर त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ते मावशींना म्हणाले, "बाई, लोग एकदम इतना मीठा बोलने लगे. हात पकड़-पकड़के. तुम्ही दर हप्त्याला शिरा खायला बोलवायला लागलात. मी घरी येऊन मेरी को बोला, ये लोग मेरे को कुछ बता नहीं रहे. मग मीच समजलो."

"काय समजलास?" मावशींनी विचारलं.

"म्हटलं, हात गेला आपला. बेसूर होतोय, आणि तोंडावर सांगायला कोणाला वाईट वाटतंय. तीस वर्षं वाजवलं, म्हणून गोड बोलून उठवताहेत. तर म्हटलं आपणच उठावं." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मैंने तो बाजा बेच दिया, बाई."

मी म्हटलं, "काका, मला—"

"तुम बाहर बैठो, भिया," शलमोनकाका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण त्या माणसानं आयुष्यात कोणाला बाहेर बसायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मी बाहेर आलो आणि गाडीच्या सावलीत उभा राहिलो.

मावशी त्यानंतर अडीच महिन्यांनी गेल्या, श्रावणात, देवासलाच. तोवर मी रोज जात होतो. त्या माझ्याशी बोलत, टेकरीवरच्या लोकांची टिंगल करत, माझ्या नव्या चष्म्यालाही नावं ठेवत. चिठ्ठीचा विषय त्यांनी शेवटच्या एका सांगण्याखेरीज पुन्हा काढला नाही. माफ केलं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. पेंटेकॉस्ट होऊन गेल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, तर मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी गोळीची वेळ झाली." जाण्याआधी त्यांनी मला एकच काम सांगितलं, धारच्या मंडळीत सर्व लोकांसमोर चिठ्ठीचं सांगायचं, आणि ते मी पुढच्या रविवारी तिथल्या उपासनेत सांगितलं. लोक माझ्याशी तेव्हापासून फार गोड बोलतात.

पण मावशी म्हटलं की मला त्यांचा पलंग आठवत नाही, शवपेटीतला चेहराही नाही. आठवतं ते त्या दिवशीचं शलमोनकाकांचं दार. ते अर्धवट उघडं होतं. मी उन्हातून बघत होतो, त्यामुळे आतलं आधी काळंच दिसलं, मग हळूहळू दिसायला लागलं. शलमोनकाका उभे होते. बोलत होते, हात हलवत होते, मधेच थांबून खोलीत दोन पावलं चालत आणि परत येऊन पुन्हा बोलत. शब्द ऐकू येत नव्हते. बारा वर्षांचं होतं ते. थोड्यात संपणारं नव्हतं. आणि समोर खुर्चीत रूथमावशी बसल्या होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला, तो सावरण्याचंही भान नव्हतं. प्रचारकांना, पाळकांना, मला, कोणालाच त्यांनी कधी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आता त्या तोंड वर करून शलमोनकाकांकडे बघत होत्या आणि मधे एक शब्द बोलत नव्हत्या. एकदा ते थांबले. मला वाटलं आता त्या बोलतील. त्यांनी मान हलवली आणि हातानं खूण केली, की थांबू नकोस, पुढे बोल.